उजवीकडचं मडकं

१

सकाळी साडेसातला प्रबोध कामावर गेला, की विनीता चहाचा दुसरा कप घेऊन बॉम्ब शेल्टरचं दार उघडायची. पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून ही एक बिनखिडकीची काँक्रीटची खोली होती. लोखंडी दार, जाड भिंती, वर एक दिवा. युद्ध झालं तर घरच्यांनी तिथे बसायचं; तोवर तांदळाची पोती, सुटकेसा आणि घडी घातलेला आकाशकंदील तिथे बसत. आता ते सगळं सामान एका अंगाला सारून तिथे एक पेटी मांडली होती.

पेटी म्हणजे मुळात चपलांचं कपाट. प्रबोध इंजिनीअर, त्यामुळे त्याला असल्या कामाची हौस. त्याने कपाट आडवं केलं, फळ्या काढल्या, पुढे सरकती काच बसवली, मागे हवेसाठी भोकं पाडली. डाव्या अर्ध्या भागाखाली हीट मॅट घातली आणि तिला थर्मोस्टॅट जोडला. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर आणि एकेक पालथं मडकं. साप लाजरा प्राणी, त्याला लपायला जागा लागते. मडकी विनीताने लिटल इंडियातून आणली होती आणि प्रबोधने कानशीने घासून त्यांच्या काठाला दारासारखी खाच केली होती.

"सिंगापुरात ऊब यावी म्हणून वीज जाळणारं हे पहिलंच घर असेल," प्रबोध म्हणाला होता. "आपण एसीत झोपायचं आणि पाहुण्याला शेगडी."

"अहो, त्याला बत्तीस डिग्री लागतात. डावीकडे बत्तीस, उजवीकडे सत्तावीस. गरम वाटलं तर त्याने गार बाजूला यायचं. क्षिप्राने सगळं लिहून दिलंय."

"जावयाला एवढं करत नाहीस तू."

"जावयाला थर्मोस्टॅट नाहीये."

साप क्षिप्राचा, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा होता. बॉल पायथन, साडेतीन फुटी, मायलो नावाच्या चॉकलेटच्या पेयासारखा तपकिरी, म्हणून नाव मायलो. या देशात घरी साप पाळायला बंदी. तरी कॉलेजात असल्यापासून तिने तो लपवून सांभाळला होता आणि लग्नानंतर मरीन परेडच्या कॉन्डोतही नेला होता. आता तिला आठवा महिना लागत होता आणि तिचा नवरा अश्विन म्हणाला होता, बाळ आणि साप एका घरात नको.

क्षिप्राने मग आईपुढे सौदा मांडला. "तू मायलोला घे. मी बाळंतपणाला तुझ्याकडे येते. फेअर?"

विनीताने एका शब्दानेही घासाघीस केली नाही. दोन वर्षांपूर्वी क्षिप्राचं पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि ते आईला आठ दिवसांनी कळलं होतं, तेही फोनवर. तेव्हापासून विनीताची एकच इच्छा होती. या वेळी पोरगी आपल्या डोळ्यांसमोर असावी. तिच्या ताटात आपल्या हातचं पडावं, बाळाच्या टाळूवर तेल आपण घालावं. त्यासाठी साप काय, क्षिप्राने मगर दिली असती तरी विनीताने जागा केली असती.

२

साप येण्याआधी पेटी आठ दिवस रिकामीच चालू ठेवायची होती. तापमान एकदा स्थिर झालं की मगच साप आत सोडायचा, असं क्षिप्राच्या कागदावर होतं.

विनीता कुठलंही काम अर्धवट करणारी नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहायची. पाण्याची वाटी विसळून भरायची. खाली वर्तमानपत्र अंथरायला सांगितलं होतं, पण तो कागद तिला फार खरखरीत वाटला. तिने जुन्या मऊ साडीची चार दुपटी शिवली आणि ती आलटून पालटून घातली. शेल्टरमध्ये सिमेंटचा कोंदट वास यायचा, म्हणून दोनदा ओव्याची धुरीही दिली.

येणाऱ्या बाळासाठी मात्र तिने एक टोपडंही घेतलं नव्हतं. आधीपासून जागा मांडून ठेवायची नसते, रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे तिच्या हाडीमाशी होतं. क्षिप्राने त्यावरून तिची थट्टाही केली होती. पण पेटी सापाची होती. त्यामुळे पेटीपाशी ते तिच्या मनातही आलं नाही.

मग क्षिप्राचा रक्तदाब जरा वाढला. डॉक्टरांनी दोन आठवडे घरीच पडून राहायला सांगितलं, आणि आठ दिवसांचे एकोणीस झाले.

प्रबोध संध्याकाळी सातला यायचा. दिवसभर घरात दुसरं कोणी नसायचं. काच सरकवून दुपटं बदलताना विनीता दोन शब्द बोलायची. माणूस कुंडीशी बोलतो, कणकेशी बोलतो, तसंच.

"बरं वाटतंय का आता? ऊब पुरते ना?"

३

अकराव्या दिवशी उजवीकडचा आकडा छत्तीस पॉइंट आठ होता.

विनीताने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डावीकडे, जिथे मॅट होती, तिथे बत्तीस. उजवीकडे काहीच नव्हतं, तिथे सत्तावीस हवे होते. तिने दोन्ही थर्मामीटरची अदलाबदल केली. आकड्यांनी जागा सोडली नाही. बत्तीस डावीकडेच राहिले आणि छत्तीस पॉइंट आठ उजवीकडे.

फ्रिजची पाठ त्या बाजूला असेल, असं तिला वाटलं. बाहेर जाऊन पाहिलं तर फ्रिज समोरच्या भिंतीला होता. उजव्या भिंतीपलीकडे क्षिप्राची जुनी खोली होती, आणि तिथे पलंगाशिवाय काही नव्हतं.

तिने मॅटचा प्लग काढला आणि दार लोटून डाळ शिजायला लावली. जेवण झालं, भांडी झाली, कपडे वाळत घालून झाले. तीन वाजता येऊन पाहिलं, तर डावी बाजू अठ्ठावीसवर उतरली होती. उजवी होती तिथेच होती.

सार्सची साथ आली त्या साली प्रबोधच्या कारखान्यात सगळ्यांना रोज दोनदा ताप मोजून लिहावा लागे. विनीताही त्याच्याबरोबर मोजायची. त्यामुळे तिला हा आकडा पाठ होता. तो काही काळजीचा आकडा नव्हता. धडधाकट माणसाच्या अंगाचा तो आकडा होता.

तिने मडकं उचललं. खाली काही नव्हतं. दुपट्यावर मात्र बशीएवढा एक खळगा पडला होता, आणि उशीवरून कोणी नुकतंच डोकं उचलावं तशी त्यात ऊब होती.

विनीताने हाताने दुपटं सारखं केलं. मडकं ठेवलं. मातीची ऊब, मडक्याचं वजन, जुनं सुती कापड. एकेक कारण तिने स्वतःला नीट सांगितलं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा होता. बशीपेक्षा थोडा मोठा.

४

रविवारी सकाळी तिने प्रबोधला सांगितलं. तो मीटर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आनंदाने शेल्टरमध्ये शिरला.

"थर्मामीटर बिघडलाय. दुसरं काय असणार?"

"दोन्ही कसे बिघडतील? आणि तेही एकाच जागी ठेवले की?"

"अगं, मी रोज हजार सेन्सर बघतो. माणसांसारखेच असतात ते. जागा आवडली नाही की खोटं बोलतात."

त्याने मीटरची तार मडक्याच्या खाचेतून आत घातली, आकडा पाहिला, तार काढली, पुन्हा घातली. मग तो पोटावर आडवा झाला आणि त्याने हातच आत घातला, मनगटापर्यंत.

विनीता दारात उभी होती. प्रबोधच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते होतं तिथेच थांबलं. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने हात काढला, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाच्या मानेखालून काढावा तसा.

उठून तो मोरीपाशी गेला आणि साबण लावून हात धूत राहिला.

"काय होतं हो?" तिने विचारलं.

"काही नाही. मडकं ऊब धरून ठेवतं."

"मॅट काल दिवसभर बंद होती."

"धरतं म्हटलं ना." त्याने नळ बंद केला. "चहा टाक जरा."

त्या दिवसानंतर प्रबोधने शेल्टरकडे पाऊल टाकलं नाही. तांदूळ हवे असले की तो विनीतालाच काढून द्यायला सांगायचा. दोघांनी तो विषय काढला नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात असे दोन-तीन विषय त्यांच्याकडे होतेच; हा आणखी एक.

५

विसाव्या दिवशी क्षिप्रा आली. मायलो उशीच्या अभ्र्यात, अभ्रा लॅपटॉपच्या बॅगेत. लिफ्टमध्ये शेजारच्या बाई भेटल्या तेव्हा ती घामाघूम झाली होती म्हणे.

"त्या म्हणतात, वा, एट मंथ्स अँड स्टिल वर्किंग. मी म्हटलं, यस आंटी, व्हॉट टु डू."

"बस आधी. पाय वर घे."

"आई, आधी याला बसू दे. मी ओके आहे, लाह." तिच्या बोलण्याला हे सिंगापुरी शेपूट असायचंच.

तिने पेटी पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. "दुपटी शिवलीस तू याला? माझ्या बाळाला काहीच नाही आणि याला दुपटी?"

"बाळाला बारशाला घेऊ सगळं."

क्षिप्राने अभ्रा उघडून मायलोला आत सोडलं. त्याने जीभ एकदा बाहेर काढली, दुसऱ्यांदा काढली. मग त्याने एकदम अंग आखडलं आणि तो मागे सरकत पुढच्या काचेला येऊन टेकला. डावीकडे मडकं होतं, त्यात तो गेला नाही. उजवीकडे त्याने तोंडही केलं नाही. काचेच्या कोपऱ्यात तो उभा, अर्धा अधांतरी राहिला. काचेवर त्याच्या पोटाचे पांढरे खवले दाबले गेले होते.

"नवी जागा आहे ना," क्षिप्रा म्हणाली. "रिलॅक्स होईल." आणि विनीता काही म्हणायच्या आत तिने वाकून उजव्या मडक्यावर तळवा ठेवला. "किती छान गरम आहे."

दुसरा हात तिने चटकन पोटावर नेला.

"काय झालं?"

"लाथ मारली." क्षिप्रा हसली. मग थांबून म्हणाली, "दोनदा. कधी मारत नाही इतक्या जोरात."

विनीताने तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि लोखंडी दार लावून घेतलं. जेवताना क्षिप्राने तीन वेळा आमटी घेतली. आपली जुनी खोली पाहून आली. पलंग कुठे सरकवायचा, बाळाची गादी कुठे टाकायची, ते सांगितलं. गादी भिंतीलगत टाकायची होती.

"पंधरा तारखेला येते मी," निघताना ती आईच्या गळ्यात पडून म्हणाली. "मला खरं म्हणजे पहिल्यापासून इथेच यायचं होतं. पण तू बोलावत राहिलीस की बरं वाटायचं."

हे ऐकायला विनीता दोन वर्षं थांबली होती. तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिची नजर स्वयंपाकघरापलीकडच्या त्या दाराकडे गेली.

६

चार दिवस मायलो काचेला चिकटूनच होता. पाणी प्यायला नाही, खाल्लं नाही. पाचव्या दिवशी विनीतानेच त्याला अभ्र्यात घालून बाहेर काढलं आणि प्रबोधने आणलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, हॉलमध्ये सोफ्यामागे ठेवलं. तासाभरात तो निवांत वेटोळं करून बसला. ना मॅट, ना मडकं.

म्हणजे दोष पेटीचा होता. मग पेटीच नको. विनीताने प्लग काढले, मडकी कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या शूटमध्ये टाकली. खाली ती फुटल्याचा आवाज तिने कान देऊन ऐकला. दुपटी उकळत्या पाण्यात धुतली. शेल्टर फिनेलने पुसून दार बंद केलं. क्षिप्राच्या खोलीत नवी चादर घालायला गेली, तेव्हा तिला हलकं वाटत होतं. दुपारचे अडीच वाजले होते. खाली मैदानात कोणीतरी बास्केटबॉल आपटत होतं.

चादर भिंतीकडून खोचताना तिच्या बोटांची पाठ भिंतीला लागली.

भिंत गरम होती. सगळी नाही, पलंगाच्या उंचीवर तेवढी. तिने तळव्याने आजूबाजूला चाचपलं. गार, गार, मग गरम, मग पुन्हा गार. ऊन म्हणावं तर ही आतली भिंत. पाइप म्हणावा तर शेल्टरच्या भिंतीत पाइप नसतो, हे प्रबोधनेच कधीतरी सांगितलं होतं.

ती थर्मामीटर घेऊन आली. भिंतीला टेकवून धरला आणि आकडा चढताना पाहत राहिली. तो कुठे थांबणार हे तिला माहीत होतं. तिथेच थांबला.

तेव्हा तिला जाणवलं, की आपण गुणगुणत होतो. चादर घालताना ती नेहमीच गुणगुणायची. आता ती गप्प झाली, आणि भिंतीच्या आतून एक बारीक आवाज आला. मऊ कापडावर काहीतरी कूस बदलावं तसा. फक्त एकदाच. मग खोलीत जी शांतता झाली ती रिकामी नव्हती. तिच्या ओळखीत अशी माणसं होती, जी बोलायची थांबतात आणि तुम्ही पुढे बोलाल म्हणून वाट पाहतात.

विनीता पलंगाच्या कडेला बसली. बाळाची गादी कुठे टाकायची, ते क्षिप्राने हात करून दाखवलं होतं. बरोबर त्याच जागेवर, चादर नीट ताणून घातलेली असताना, एक खळगा पडायला लागला होता. तिच्या डोळ्यांदेखत नाही. पण ती भिंतीकडे पाहून परत वळली, तेव्हा तो आधीपेक्षा खोल होता.

संध्याकाळी तिने प्रबोधला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही हात घातलात. आत काय होतं?"

प्रबोधने घास खाली ठेवला. "काही नव्हतं."

"मग इतका वेळ हात का ठेवलात?"

"काढावासा वाटेना," तो म्हणाला. "क्षिप्राला इथे बोलावू नकोस, विनू."

७

"वरच्या मजल्यावरून पाणी गळतंय," विनीताने फोनवर सांगितलं. "तुझी खोली पार ओली झालीय. दुरुस्तीवाले महिना म्हणतायत."

"आई." क्षिप्राचा आवाज उतरला. "दुसऱ्या खोलीत राहीन ना मी."

"धूळ, आवाज. बाळाला नको. मीच तिकडे येते. पंधरापासून, बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत. तुझे बाबा राहतील हॉकर सेंटरच्या जेवणावर."

मग क्षिप्रा हसली. "ते तर अजूनच बेस्ट. अश्विनला पण तुझी आमटी मिळेल."

फोन ठेवल्यावर विनीताला इतकं सुटल्यासारखं वाटलं की ती तिथेच खुर्चीत बसून रडली. इतके दिवस साधी वाट समोर होती. जे काय होतं ते या घरात होतं. आपण घरच सोडायचं, मग बाळाच्या टाळूवर तेल घालायला कोण अडवतं?

पंधराला सकाळी दहा वाजता ती निघाली. एका पिशवीत डिंकाचे लाडू आणि अळीव, दुसरीत चार साड्या. निघताना तिने दाराबाहेरून घराकडे वळून पाहिलं नाही. बस अर्धी रिकामी होती. ती खिडकीशी बसली, पिशव्या पायाशी ठेवल्या. बाहेर ऊन लख्ख होतं, आणि बसमधला एसी इतका गार की तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

बेडोकच्या पुढे कुठेतरी तिला डाव्या कमरेशी बरं वाटायला लागलं. बाकी सगळं अंग गारठलेलं, आणि तेवढाच भाग उबदार. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. बसच्या इंजिनाची ऊब असेल. मग वळणावर बस कलली आणि ती ऊब तिच्या अंगावर रेलली. तिला वजन होतं. पिशवीचं असतं तसं निर्जीव वजन नव्हे, धरून बसणाऱ्याचं.

पलीकडच्या बाकावर एक म्हातारी चिनी बाई बसली होती, भाजीची ट्रॉली पुढ्यात घेऊन. तिने विनीताकडे पाहिलं, मग जरा खाली पाहिलं, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा उजळला. जीभ टाळूला लावून तिने चक-चक केलं. हाताचं एक बोट पुढे करून गमतीने हलवलं. मग नीट दिसावं म्हणून ती वाकली.

बोट हलायचं थांबलं.

म्हातारीने ते दुसऱ्या मुठीत धरून मागे घेतलं. विनीताच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. ट्रॉली ओढत ती उठली आणि मागच्या दाराशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

विनीताने खाली पाहिलं नाही. मरीन परेड तीन थांब्यांवर होतं. तिने घंटा दाबली आणि पिशव्या उचलून पुढच्याच थांब्यावर उतरली. हे घेऊन क्षिप्राच्या दारात जायचं नाही, एवढं एक तिला अगदी स्पष्ट कळलं होतं. रस्ता ओलांडून ती उलट्या दिशेच्या थांब्यावर आली आणि तिने मुलीला फोन लावला.

"आई, कुठपर्यंत आलीस? मी खाली येते घ्यायला."

"येऊ नकोस बाळा. माझी तब्येत बरी नाही. मी परत चाललेय."

"म्हणजे? बरी झाल्यावर येशील ना?"

आणखी खोटं विनीताला बोलवेना, आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. "तुझ्या घरी चांगली बाई ठेव," ती म्हणाली. "मी पदार्थ सांगेन फोनवर. बाळ झालं की त्याचा आवाज ऐकव मला रोज."

"तू प्रॉमिस केलं होतंस." क्षिप्रा रडत नव्हती. तिचा आवाज लहान झाला होता, फोनवरून आठ दिवसांनी बातमी सांगताना झाला होता तसा. "मी एकटीच आहे का मग या वेळी पण?"

"ऐक माझं. तू आणि बाळ एकमेकांजवळ राहा. बाकी काही नको."

समोरून बस येत होती. विनीताने मान कलती करून फोन खांद्यात धरला आणि पर्समधलं कार्ड शोधायला लागली. पिशव्या, पर्स, कार्ड. सगळं एकट्या उजव्या हाताने करावं लागत होतं, म्हणून तिला वेळ लागला. डावा हात कमरेशी वाकलेला होता, खालून आधार देऊन, आणि तो काढून घ्यावासा तिला वाटत नव्हता.